सासऱ्याचं नाव

आबेदानं पुनमकडून सगळे प्रश्न घोकून घेतले होते, हा एक सोडून. ‘व्हॉट इज युवर सन्स नेम?’ डायरेक्टर सरांनी विचारलं आणि ते खुर्चीत मागं रेलले, पहिला प्रश्न मुद्दाम सोपा टाकल्याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन. समोर पुनम बसली होती. पहिलीतल्या ग्यानोबाची आई, औशापलीकडच्या खेड्यातल्या शिवशंकरची बायको. तिनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली, ओठ उघडले, पुन्हा मिटले आणि खाली बघितलं.  सरांच्या शेजारी वर्षाराणी मॅडम बसल्या होत्या, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि सरांच्या पत्नी, आणि लहान मुलाला धीर द्यावा तसं पुनमकडे बघून हसत होत्या. आबेदा टेबलाच्या कडेला, वर्गशिक्षिका म्हणून. तिला त्या क्षणीच कळलं की आता काय होणार आहे, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांच्या हातात कागद होता. कागदावर पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरांत, मुलाचं नाव छापलेलं होतं. जे हातात आहे ते माणूस विचारत नाही, अशी आबेदाची समजूत होती. या गावात नोकरीला लागून इतकी वर्षं झाली तरी तिच्या काही समजुती अजून शिल्लक होत्या.

कायद्यानं शाळेला मुलाची किंवा त्याच्या आईबापाची परीक्षा घेता येत नाही. म्हणून या परीक्षेचं नाव ‘मदर्स इंटरॅक्शन’ असं ठेवलेलं होतं आणि बाहेरच्या टेबलावर आयांसाठी सरबताचे पेले मांडले होते. पहिलीचं वर्ष संपत आलं की हे सुरू व्हायचं. ज्या आईला इंग्रजी येत नाही तिच्या मुलाला घरी ‘एन्व्हायर्नमेंट’ मिळत नाही. ज्याला एन्व्हायर्नमेंट नाही ते मूल पुढं जाऊन शाळेचा निकाल खाली ओढतं. आणि लातुरात निकाल खाली आला तर शाळा चालवायची की मंगल कार्यालय काढायचं, असं सर स्टाफ मीटिंगमध्ये म्हणायचे. मग अशा आईबापांना पुन्हा बोलवायचं, चहा पाजायचा आणि मुलाच्या हितासाठी टीसी काढून न्यायला सांगायचं. काढून टाकलं असं कुणी म्हणत नसे. बापांना या खोलीत घेत नसत, कारण बाप घरी नसतो, मूल आईची भाषा उचलतं, हे सरांनी हैदराबादला कुठल्याशा सेमिनारमध्ये ऐकलं होतं. त्यामुळे शिवशंकर बाहेर फाटकाशी मोटारसायकलला टेकून उभा होता, आणि ज्याला ते नाव बिनदिक्कत उच्चारता आलं असतं असा घरातला एकुलता एक माणूस भिंतीपलीकडे राहिला होता. आज पुनमची दातखीळ बसली तर जूनमध्ये ग्यानोबा या शाळेत नसणार. हे आबेदाला माहीत होतं, पुनमला माहीत होतं, आणि दाराजवळच्या खुर्चीवर पदर सावरून बसलेल्या साखराबाईला, पुनमच्या सासूलाही माहीत होतं. ती हट्टानं आली होती. नातवाच्या शाळेचं काम आहे म्हटल्यावर मी घरात बसून काय करू, म्हणाली होती.

आणि पुनम काही अडाणी नव्हती, याचाच आबेदाला जास्त राग येत होता. बारावी कला. पुढं शिकायचं होतं, लग्न झालं. गावातल्या शाळेत आता सगळे वर्ग एकाच खोलीत बसतात आणि एकच गुरुजी त्यांना राखतात, म्हणून घरात भांडून, सोयाबीनच्या पैशावर नवऱ्याचा डोळा असताना, तिनं पोराला या शाळेच्या गाडीत बसवलं होतं. सगळा हिवाळा ती शनिवारी औशाहून एसटीनं यायची. अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की रिकाम्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसायची आणि आबेदा तिला वाक्यं सांगायची. माय सन लाईक्स भाकरी अँड मिल्क. माय सन स्लीप्स अर्ली. आय रीड स्टोरीज टू माय सन. हे शेवटचं खोटं आहे, पुनम म्हणायची, मी कधी वाचते मॅडम, मला तर जेवाया टाइम न्हाई. मग हसायची आणि तेही पाठ करायची. हरभरा काढताना एकटीच पुटपुटायची. ‘आत्याबाई म्हणत्यात, सून येडी झाली, हरभऱ्यासंगं बोलून राहिली,’ असं सांगून तिनं एकदा आबेदाला इतकं हसवलं होतं की शिपाई डोकावून गेला. पहिल्याच शनिवारी आबेदानं मुलाच्या नावापासून सुरुवात केली होती. पुनमनं पदराचं टोक ओठांवर धरलं आणि धुळीनं भरलेल्या बाकावर बोटानं नाव लिहिलं. ‘लिवते मॅडम,’ म्हणाली, ‘तोंडानं न्हाई घेत. सासऱ्याचं हाय.’ आबेदानं एवढंच म्हटलं, बरं. आणि त्यानंतरच्या सगळ्या वाक्यांत ‘माय सन’ आला. तेवढ्यावर भागत होतं. जगातली कितीतरी कामं तेवढ्यावर भागतात.

सर घड्याळाकडे बघत नव्हते, हे त्यांचं मोठेपण. ते पुनमकडे बघत होते. ‘टेक युवर टाइम,’ म्हणाले. आणि त्या दिलेल्या वेळात आबेदाच्या डोक्यात गेला जून महिना घुसला. जूनमध्ये हाच मुलगा तिच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसला होता, तेल चोपडलेलं डोकं, मोठा झाल्यावर होईल म्हणून घेतलेला शर्ट. हजेरीला ती नाव घ्यायची, ग्यानोबा, आणि तो शांतपणे खिडकीबाहेर बघायचा. पुन्हा घ्यायची. मग तो वळून मागं बघायचा, दाराकडं बघायचा, कुणी म्हातारं माणूस आलंय का, असं. तिच्या आधी बालवर्गात आरती मिस होत्या. त्यांनी शेरा मारून ठेवला होता की मूल नावाला प्रतिसाद देत नाही, कान तपासून घ्यावेत. आईबापांनी बिचाऱ्यांनी पोराला लातुरातल्या कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं मशीन लावलं, पैसे घेतले आणि कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं. मग शेरा बदलला. कान चांगले आहेत म्हटल्यावर डोकं मंद असणार, हे या शाळेत आपोआप ठरतं. महिनाभर आबेदाही त्याला बोटं मोजायला लावत होती, रंग ओळखायला लावत होती, सगळं बरोबर यायचं आणि नाव घेतलं की पुन्हा खिडकी. एका दुपारी गाडीच्या ड्रायव्हरनं फाटकातून आरोळी दिली, ‘ए आप्पा, चल लवकर,’ आणि ते पोर दप्तर खांद्याला अडकवून असं पळालं की पायातली एक चप्पल वर्गातच राहिली. त्याचं नाव आप्पा होतं. ग्यानोबा नाव त्याच्या आजोबाचं, तो जन्मायच्या आधीच गेलेल्या माणसाचं. बारशाला आत्यानं ते त्याच्या कानात सांगितलं, लेकीला बापाचं नाव घेता येतं, आणि ती आपल्या सासरी निघून गेली. घरात उरल्या आजी आणि आई. एकीच्या नवऱ्याचं नाव, दुसरीच्या सासऱ्याचं. बाप म्हणायचा, पोराला शिवी घालायची तर बापाच्या नावानं कशी घालू, म्हणून तोही आप्पाच म्हणायचा. ग्यानोबा म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो, हे पोराला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा वर्गात कुणी ते नाव घेतलं की तो म्हातारा आलाय का बघायचा, यात मंदपणा कुठं होता. आबेदानं दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणून हाक मारली. पोरगं ताडकन उभं राहिलं आणि ‘प्रेझेंट मिस’ म्हणालं, असं खणखणीत की तिलाच दचकायला झालं.

हे तिनं स्टाफरूममध्ये सांगितलं होतं. सगळे हसले. छान किस्सा आहे, म्हणाले. किस्सा. तिच्या वर्गात असे वीस किस्से बसलेले होते. घरी दख्खनी बोलणारी मनतशा, जी ‘मैं नै करी’ म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. देगलूरकडून आलेलं तेलुगू घरातलं पोर, निलंग्याकडचं कानडी, तांड्यावरची एक मुलगी, जी पाणी मागायचं तर हाताच्या ओंजळीनं मागायची, कारण तिच्या गोरमाटी बोलीतला शब्द इथं कुणाला कळत नव्हता आणि इंग्रजीतला तिला अजून आला नव्हता. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, व्हरांड्यात, जिन्यावर, अगदी मुतारीच्या दारावरसुद्धा पाटी: ‘स्पीक ओन्ली इन इंग्लिश’. मुतारीत एकटं पोर कुणाशी काय बोलणार होतं. दिवाळीनंतर नांदेडला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, वेगवेगळ्या भाषांच्या आणि संस्कृतींच्या मुलांना इंग्रजी कसं शिकवावं यावर. सरांनी आबेदालाच पाठवलं. पुण्याहून आलेल्या बाई पडद्यावर चित्रं दाखवत फार चांगलं बोलल्या. मुलाच्या घरची भाषा हा अडथळा नसतो, म्हणाल्या, तीच पायरी असते. मुलाला त्याच्या नावानं हाक मारा, नावाचा उच्चार त्याच्या आईकडून शिकून घ्या. आबेदानं वेड्यासारखं सगळं टिपून घेतलं. परत आली तर सरांनी तिच्याकडून फक्त बॅनरसमोरचा फोटो मागून घेतला, तो पेपरात छापून आणला, खाली मजकूर की शाळा सर्वसमावेशक शिक्षणात आघाडीवर. टिपून घेतलेलं तसंच राहिलं. त्या फोटोत ती हसतेय, आणि तो फोटो या क्षणी सरांच्या डोक्यामागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता. आपलं स्वतःचं हसणं बघून कुणाच्या कानफटात द्यावीशी वाटते, हे तिला पहिल्यांदा कळलं.

नांदेडला त्या वेळी ती माहेरीच उतरली होती, इतवारा भागात. आई आता थकलीय. अब्बा, मोहियोद्दीन गादीवाले, जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आई अजून ‘तुम्हारे अब्बा’ असंच म्हणते. लहानपणी आबेदा आईबरोबर सरकारी दवाखान्यात जायची तेव्हा खिडकीतला माणूस विचारायचा, पतीचं नाव. आई बुरख्याच्या आतून आबेदाच्या पाठीला बोट लावायची. ‘बोल गे, अब्बा का नाँव बोल.’ आणि आबेदा टाचा उंचावून, खिडकीच्या गजांना धरून नाव सांगायची. त्या माणसाला सगळं ठाऊक असायचं. तो धोतरटोपीतला जुना माणूस, त्याच्याही घरी तेच असणार. तो लेखणी धरून लहान पोरीची वाट बघायचा, आणि पोर बरोबर नसलेल्या बाईला मागच्या रांगेतली कुणीही परकी बाई विचारून घ्यायची, आडवळणाच्या खुणांवरून ओळखायची आणि तिच्या वतीनं सांगून टाकायची. हिंदू बाई मुसलमान बाईच्या नवऱ्याचं नाव सांगायची, मुसलमान बाई हिंदू बाईच्या. कुणाला त्यात काही विशेष वाटत नसे. आबेदा स्वतः आपल्या नवऱ्याला नावानं हाक मारते. तिनं ते लग्नानंतर ठरवून, आरशासमोर म्हणून बघून, शिकून घेतलं. तिला या रीतीचं कौतुक नव्हतं. पण एखादीच्या तोंडातून शब्द निघत नाही म्हणून तिचं पोर रस्त्यावर आणायचं, ही रीत कुठली, हे तिला कुणी सांगावं.

‘सर,’ ती म्हणाली. बोलायचं ठरवलं नव्हतं, आवाज आधी निघाला. सरांनी तिच्याकडं न बघताच तळहात वर केला. ‘नो प्रॉम्प्टिंग, आबेदा मॅडम.’

प्रॉम्प्टिंग नाही सर, ती म्हणाली, आणि मग तिनं सगळं नीट, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगितलं. मुलाला आजोबांचं नाव ठेवलंय, त्यांच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, त्यांना प्रश्न शंभर टक्के कळलाय, नाव तुमच्या हातातल्या कागदावर आहे, दुसरा कुठलाही प्रश्न विचारा, त्या उत्तर देतील. पुनमनं मान वर करून आबेदाकडं बघितलं. त्या बघण्यात उपकाराची जाणीव होती, ती आबेदाला सोसली नाही. मराठीत सांगितल्यामुळे दाराजवळ साखराबाईलाही सगळं कळलं, इतका वेळ नुसते आवाज ऐकत होती, आता ती पुढं सरकून बसली.

‘सो?’ सर म्हणाले. मग त्यांनी छोटंसं भाषण केलं. आपण एकविसाव्या शतकात आहोत. ते स्वतः अहमदपूरच्या खेड्यातून आले, कंदिलाखाली शिकले, पण या असल्या गोष्टींना चिकटून राहिले असते तर आज कुठं असते. आईच जर स्वतःच्या मुलाचं नाव सांगू शकत नसेल तर ते मूल स्टेजवर उभं राहून काय बोलणार. ही अंधश्रद्धा आहे आणि शाळेचं काम ती मोडून काढायचं आहे. वर्षाराणी मॅडम मान हलवत होत्या. सर पुनमकडं वळले आणि अगदी प्रेमळ आवाजात त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, एकेक शब्द सुटा करून. अंधश्रद्धा मोडायला निघालेल्या माणसाचा आवाज इतका प्रेमळ का असतो, हे आबेदाला कळेना. त्यांच्या जागी तो दवाखान्यातला जुना माणूस असता तर त्यानं लेखणी खाली ठेवली असती आणि पाणी मागवलं असतं.

पुनमनं मांडीवरची पर्स आणखी घट्ट धरली. तिला म्हणायचं होतं. आबेदाला दिसत होतं की ती जोर लावते आहे, आतून ढकलते आहे, पोराचं वर्ष, एसटीचे शनिवार, नवऱ्याशी घातलेले वाद सगळं त्या एका शब्दामागं लावून ढकलते आहे. आणि तो शब्द हलत नव्हता, कारण मागं, दाराजवळ, ज्या बाईच्या नवऱ्याचा तो शब्द होता ती बसली होती. डोळ्यांतलं पाणी पर्सवर पडलं. आबेदानं टेबलाखाली मुठी आवळल्या. तिला वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं, ग्यानोबा, ग्यानोबा, त्याचं नाव ग्यानोबा आहे, लिहा आणि सोडा तिला. आणि ती उठली नाही, कारण तिला हेही माहीत होतं की तिनं सांगितलं तर सर कागदावर फुली मारतील. प्रॉम्प्टेड. तोंड उघडलं तर पोर जाणार, मिटलं तर पोर जाणार. वाघ म्हटलं तरी खाणार आणि वाघोबा म्हटलं तरी.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साखराबाई उठली होती. तिनं पायातल्या चपला खुर्चीखाली काढून ठेवल्या, देवळात जावं तशा, आणि अनवाणी टेबलापर्यंत आली. कपाळ मोकळं, डोक्यावरचा पदर हनुवटीखाली मुठीत धरलेला. तिनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. सर म्हणाले, आजी, तुम्ही बसा, तुमची परीक्षा नाही. तिनं ते ऐकलंच नाही.

‘ग्यानोबा,’ ती म्हणाली. आवाज फाटका, कुणी तरी विहिरीत वाकून बोलल्यासारखा. थांबली. बहुतेक आपल्याच कानाला कसं लागतं ते तिनं ऐकलं. ‘ग्यानोबा हाय त्याचं नाव. माझ्या मालकाचं. सांगितलं मी. आता पोराला काढू नका.’

पुनमनं तोंडावर हात दाबला. आबेदाच्या अंगावर काटा आला आणि त्या काट्याखालून राग असा वर आला की डोळ्यांपुढं टेबलाची कड हलायला लागली. संसाराची इतकी वर्षं, चार बाळंतपणं, नवऱ्याचं मरण, त्याच्या मातीला रडतानासुद्धा या बाईनं जे तोंडातून काढलं नसेल ते तिनं इथं, या एसीच्या रिमोटशेजारी, सरांच्या खोलीत आणून ठेवलं होतं. आता तरी हा माणूस मान खाली घालेल. आता तरी.

‘व्हेरी गुड, आजी,’ सर म्हणाले. टाळी वाजवल्यासारखं केलं. मग पुनमकडं बघून, हसत: ‘नाऊ यू. इन इंग्लिश, प्लीज.’

आबेदाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ग्यानोबाचं इंग्रजी काय करायचं असतं. पण तेवढ्यात पुनम उभी राहिली होती. तिनं सासूचा हात खांद्यावरून काढून आपल्या हातात घेतला होता, आणि तिचे डोळे आता कोरडे होते, रडून झालेल्या बाईचे नाही, भांडायला उभ्या राहिलेल्या बाईचे.

‘सर,’ ती म्हणाली. ‘हिज नेम इज इन युवर हॅन्ड. यू कॅन रीड. यू रीड. डोन्ट आस्क हर. शी इज नॉट युवर स्टुडंट.’

हे एकही वाक्य आबेदानं शिकवलेलं नव्हतं. सगळा हिवाळा तिनं जी घोकून घेतली त्यांत राग नव्हताच, सगळीकडं दूध होतं, भाकरी होती आणि लवकर झोपणं होतं. ही वाक्यं पुनमनं स्वतः, आत्ता, जमवली होती, आणि ती एखाद्या इंग्रज बाईनं साहेबाच्या तोंडावर फेकावीत इतकी सरळ होती.  आबेदा सरांकडं बघायला लागली. आता त्यांचा चेहरा पडेल, आता ते ओरडतील, आता टीसी नक्की; पण निदान एकदा कुणी तरी त्यांना ते म्हणालं.

सरांचा चेहरा खुलला होता. ‘वंडरफुल,’ ते म्हणाले. ‘कम्प्लीट सेंटेन्सेस. बघितलंत, मॅडम?’ हे बायकोला. मग आबेदाला, ‘बघितलंत? मी काय म्हणत होतो? प्रेशर दिलं की इंग्रजी येतं. तुम्ही उगाच कुरवाळत बसता.’ आणि त्यांनी कागदावर ठळक बरोबरची खूण केली, पुनमला काँग्रॅच्युलेशन्स म्हणाले, जूनची पुस्तकं कुठून घ्यायची ते सांगितलं. त्यांना इंग्रजी ऐकू आलं होतं. त्यातून काय म्हटलं गेलं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पुनम एक क्षण तशीच उभी राहिली, फेकलेला दगड लागलाच नाही हे बघत, मग सासूला घेऊन बाहेर गेली. पोर शाळेत राहिलं होतं. जे हवं होतं ते मिळालं होतं. आबेदानं आयुष्यात एवढी मोठी हार बघितली नव्हती.

खिडकीतून नळाची रांग दिसत होती. पहिलीच्या पोरांसाठी बसवलेले बुटके नळ. साखराबाई कमरेत वाकून गुळण्या करत होती. ओंजळ भरायची, तोंडात घ्यायची, थुंकायची, पुन्हा भरायची. पुनम तिच्या चपला हातात धरून शेजारी उभी होती. फाटकातून शिवशंकर आत आला, हातवारे करून काय झालं विचारू लागला. पुनमनं नुसतीच होकाराची मान हलवली. त्यानं खूश होऊन आईच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती गुळणीच करत राहिली.

आत सर पुढचा कागद घेत होते. पुढची आई सोफ्यावर बसलेली होती, मनतशाची, दारातून तिचे गुंतवलेले हात दिसत होते. सर म्हणाले, या वेळी तुम्ही विचारा आबेदा मॅडम, आता पद्धत कळली तुम्हाला, न कचरता विचारायचं, सोपा प्रश्न आणि मग गप्प बसायचं, समोरचा बोलेपर्यंत गप्प. वर्षाराणी मॅडम म्हणाल्या, ‘हो, सर म्हणतात तसंच करू या.’ आबेदानं कागद घेतला आणि मॅडमकडं बघितलं. सर म्हणतात. सर जेवायला आले. सरांना गोड चालत नाही. या शाळेतल्या इतक्या मीटिंगा, इतके फोन, त्यांच्या घरची संक्रांतीची हळदीकुंकवं, जिथं सर आतल्या खोलीत बनियनवर बसलेले असायचे, तिथंसुद्धा मॅडमच्या तोंडी सर. इंग्रजीत एम. ए. झालेली, सुवर्णपदक मिळवलेली बाई. आबेदानं आठवून बघितलं, पुन्हा एकदा आठवून बघितलं, आणि तिच्या रागाला इतका वेळ सापडत नव्हती ती वाट सापडली. नोकरी जाईल, हे तिला कळत होतं. ते दुसऱ्याच कुणाच्या तरी बाबतीत असल्यासारखं कळत होतं.

तिनं मनतशाच्या आईला हाक मारली नाही. तिनं कागद टेबलावर पालथा ठेवला.

‘वर्षाराणी मॅडम,’ ती म्हणाली, ‘व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?’

मॅडम हसल्या. ‘म्हणजे?’ म्हणाल्या. आबेदा गप्प बसली. सांगितलं होतं तशी, समोरचा बोलेपर्यंत. मॅडमनी सरांकडं बघितलं, सरही हसत होते, गंमत म्हणून, दे की उत्तर अशा नजरेनं. ‘माय हजबंड्स नेम इज,’ मॅडम म्हणाल्या. तिथपर्यंत उच्चार अगदी स्वच्छ आले. मग त्यांचे ओठ उघडे राहिले. त्यांनी गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावला, टेबलावरचा पेन उचलला, खाली ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाहेर नळ वाहत होता. सरांचं हसणं थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं आणि मग नुसते दात उरले. त्यांनी खुर्ची बायकोकडं वळवली, जवळ वाकले, आणि घरच्या आवाजात, हळूच म्हणाले, ‘सांग की.’